पहिलटकरणीचे प्रश्न

कालिदासाच्या रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा राणीच्या गरोदरपणाचें वर्णन आहे. तिच्या मुखाला मातीचा सुवास येतो. अंगाच्या ग्लानीमुळें ती सारे अलंकार घालीत नाहीं. आणि तिला काय हवें, काय नको याची काळजी दिलीप राजा वाहत असतो. परंतु ही चौकशी तो तिच्यापाशीं करीत नाहीं. राणी लाजेनें मनांतलें सांगत नाहीं, म्हणून तो पुनःपुन्हा तिच्या सख्यांना विचारतो. रसिकांनीं हा प्रसंग दांपत्यप्रेमाचा नमुना म्हणून वाचला आहे, आणि तो तसा आहेही. तथापि त्यांतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. जिच्या शरीरांत हें सारें घडत आहे, तिला वगळून इतर सर्वजण त्याविषयीं बोलत आहेत.

प्रस्तुत लेखिकेला हे श्लोक आठवले ते एका डॉक्टरांच्या खोलींत. पहिल्या खेपेचे दिवस होते. सासूबाई शेजारीं बसल्या होत्या. डॉक्टरांनीं कागदावरची दृष्टि न काढतां त्यांना विचारलें, "यांना उलट्या होतात का?" सासूबाईंनीं माझ्याकडे पाहिलें, मीं मान हालवली, त्यांनीं "होतात" म्हणून सांगितलें, आणि तशी नोंद झाली. डॉक्टर मनुष्य म्हणून वाईट नव्हते. सासूबाई तर माझ्यावर माया करणाऱ्या होत्या. दिलीपही कांहीं वाईट राजा नव्हता. मला मात्र त्या दिवशीं एक प्रश्न विचारायचा होता : कळा सुरू झाल्या हें मला कसें ओळखूं येईल? तो मीं तसाच घरीं परत नेला.

पुढें कित्येक वर्षांनीं अ‍ॅन ओकली या इंग्रज समाजशास्त्रज्ञ बाईंचें लेखन वाचण्यांत आलें, तेव्हां त्या न विचारलेल्या प्रश्नाला कांहीं शास्त्रीय मोल असूं शकतें हें प्रथम ध्यानांत आलें. गर्भारपण आणि आईपणाचे पहिले महिने यांचा स्त्रीच्या स्वतःच्या अनुभवाच्या अंगानें अभ्यास करणारें वाङ्मय गेल्या अर्धशतकांत पुष्कळ वाढलें आहे. त्या सर्वाचा आढावा घेण्याचा येथें हेतु नाहीं. त्या वाङ्मयाचा एक आद्य ग्रंथ घेऊन, त्यानें काय साधलें आणि काय त्याच्या हातून निसटलें, एवढेंच पाहावयाचें आहे.

ज्या परिस्थितींत हें संशोधन झालें ती प्रथम सांगितली पाहिजे. इंग्लंडांत १९७० सालीं सर जॉन पील यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सर्व प्रसूति इस्पितळांतच होतील एवढी सोय असावी अशी शिफारस केली. घरीं येणारी सुईण मागें पडत गेली. औषध देऊन कळा सुरू करण्याची प्रथा वाढली. आणि बाळंतपण हा घरांतील एक प्रसंग होता तो इस्पितळांतील एक काम झाला. या स्थित्यंतराच्या ऐन भरांत ओकलीबाईंनीं लंडनमधील एका इस्पितळांत नांव नोंदविलेल्या पहिलटकरणींच्या मुलाखती घेण्यास आरंभ केला. प्रत्येकीला चार वेळां भेटावयाचें, दोनदां प्रसूतीपूर्वीं आणि दोनदां प्रसूतीनंतर, असा क्रम होता. चारही भेटी पुऱ्या झालेल्या स्त्रियांची संख्या ५५ भरली. या सामग्रींतून दोन पुस्तकें निघालीं. 'बिकमिंग अ मदर' हें १९७९ सालीं आलें. पुढें 'फ्रॉम हिअर टु मॅटर्निटी' या नांवानें तें अधिक प्रसिद्ध झालें. दुसरें 'विमेन कन्फाइन्ड' हें १९८० सालचें. या दुसऱ्या नांवांत श्लेष आहे. इंग्रजींत तो शब्द बाळंतिणीला लागतो आणि कोंडलेल्या माणसालाही लागतो. आपल्याकडे तो श्लेष शब्दांत नाहीं; पण बाळंतिणीची खोली ज्यांनीं आंतून पाहिली आहे, शेक-शेगडीच्या धुरांत ज्यांनीं दहा दिवस काढले आहेत, त्यांना त्याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाहीं.

दोन्ही पुस्तकांचा कच्चा माल एकच असतां त्यांची प्रकृति अगदीं भिन्न आहे, आणि समीक्षकाच्या दृष्टीनें हीच मोठी बोधप्रद गोष्ट आहे. 'विमेन कन्फाइन्ड'मध्यें कोष्टकें आहेत, सहसंबंध आहेत, आणि एक ठाम सिद्धांत आहे. बाळंतपणानंतर येणारी उदासीनता ही केवळ शरीरांतील रसांची खोड नव्हे. नोकरी सुटणें, स्वतःच्या दिवसावरचा ताबा जाणें, प्रसूतीच्या वेळीं आपल्या देहाचा कारभार दुसऱ्यांच्या हातीं जाणें, अशा खऱ्याखुऱ्या हानीला माणसाच्या मनानें दिलेलें तें साहजिक उत्तर आहे, असें त्या प्रतिपादितात. हा विचार मोलाचा आहे. घर गेलेल्या किंवा नोकरी गेलेल्या पुरुषाचें दुःख आपण समजून घेतों; तेंच दुःख बाळंतिणीला झालें कीं तिच्यांत कांहीं बिघाड झाला असें म्हणतों. या विसंगतीवर त्यांनीं नेमकें बोट ठेवलें. तरीपण सिद्धांत पटला तरी त्या पुस्तकांतील स्त्रिया डोळ्यांपुढें उभ्या राहत नाहींत. पहिल्या पुस्तकांत त्या उभ्या राहतात. तेथें दिवस गेल्याच्या वार्तेपासून मूल कांहीं महिन्यांचें होईपर्यंतचा प्रवास क्रमानें मांडला असून बोलण्याचें काम मुख्यतः त्या स्त्रियांवरच सोपविलें आहे. एकीचें म्हणणें दुसरीच्या म्हणण्याशेजारीं ठेवलें जातें. दोघींचें पटत नाहीं. लेखिका मध्यें पडून निवाडा करीत नाहीं. परिणामीं वाचकाला 'आई' नांवाची एक मूर्ति न दिसतां निरनिराळ्या बाया दिसतात. शास्त्र म्हणून दुसरें पुस्तक अधिक बांधेसूद असेल. परंतु ज्या अनुभवाचें शास्त्र करावयाचें तो अनुभव पहिल्यांतच शाबूत राहिला आहे, असें आमचें मत आहे.

तथापि ओकलीबाईंच्या हातून घडलेलें सर्वांत महत्त्वाचें काम या दोन्ही पुस्तकांत नसून १९८१ सालच्या एका निबंधांत आहे. स्त्रियांच्या मुलाखती घेणें यांतच एक वदतोव्याघात आहे, अशा आशयाचा त्याचा मथळा आहे. मुलाखत कशी घ्यावी हें शिकविणारीं त्या वेळचीं पाठ्यपुस्तकें एक नियम सांगत असत : प्रश्न संशोधकानें विचारावे, समोरच्यानें उलट विचारल्यास हंसून वेळ मारून न्यावी, आपलें मत सांगूं नये, कारण त्यामुळें माहिती दूषित होते. ओकलीबाईंनीं आपल्या ध्वनिफिती ऐकतांना याच्या नेमकें उलट काम केलें. बायांनीं आपल्याला काय विचारलें त्याची त्यांनीं यादी केली. ते प्रश्न ८७८ भरले. त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश निव्वळ माहितीचे होते. शेंकडा १५ खुद्द ओकलीबाईंच्या अनुभवाविषयीं होते, तुम्हांला मुलें आहेत का, तुम्ही अंगावर पाजलें का, अशा प्रकारचे. शेंकडा ६ या संशोधनाविषयीं, आणि शेंकडा ४ उघडउघड सल्ला मागणारे होते. या प्रश्नांना त्यांनीं उत्तरें दिलीं. भिऊन गेलेल्या गरोदर बाईपुढें ताठर मौन धरून बसणें त्यांना नीतीला धरून वाटलें नाहीं. आणि ज्याला आपण कांहींच देत नाहीं, तो आपल्याला मनापासून कांहीं सांगेल ही अपेक्षाही त्यांना खुळी वाटली.

८७८ हा आंकडा आम्हांला त्या सर्व कोष्टकांतील इतर कोणत्याही आंकड्याहून अधिक बोलका वाटतो. नऊ महिने वारंवार इस्पितळांत जाऊन तपासून घेणाऱ्या स्त्रियांजवळ इतके प्रश्न शिल्लक होते. आणि ते त्यांनीं विचारले कोणाला, तर जी डॉक्टर नाहीं, परिचारिका नाहीं, केवळ वही घेऊन आलेली आहे, अशा एका बाईला! हें एकच सत्य त्या इस्पितळाच्या व्यवस्थेवरील टीका म्हणून पुरेसें आहे.

येथेंच आमचा पहिला आक्षेपही आहे. प्रश्न मोजले हें उत्तम. परंतु ते चार खणांत घातले तेव्हां त्यांतील बराच अर्थ खणांबाहेर सांडला. माझें बाळंतपण कोण करील, लहान मुलासाठीं अंडें कसें शिजवावें, पाठीच्या कण्यांत टोंचलेल्या बधिरतेच्या औषधानें बाई लुळी पडते का, हे सारे प्रश्न 'माहिती'च्या खणांत जातात. पण अंडें शिजविण्याचा प्रश्न अंड्याविषयीं आहे काय? पांच महिन्यांच्या मुलासह दिवसभर घरांत एकटी राहणारी, जिला जवळ आई नाहीं कीं शेजारीण नाहीं, अशी बाई तो प्रश्न विचारते तेव्हां ती आपल्या एकटेपणाची कथा सांगत असते. व्याकरणदृष्ट्या जो प्रश्न आहे तो अर्थदृष्ट्या पुष्कळदां कबुली असतो, कधीं भय असतें, कधीं तक्रार असते. हें समाजशास्त्राला माहीत नसेल असें नाहीं. पण साहित्याच्या अभ्यासकाला तें प्रथम दिसतें. माझ्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें मिळालें तें दवाखान्याची फरशी पुसणाऱ्या एका बाईकडून. तिनें आधीं विचारलें, "भ्या वाटतंय व्हय, ताई?" आणि मग कळा कशा येतात तें सांगितलें. प्रश्नाचा खण तिनें न चुकतां ओळखला होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. ओकलीबाईंच्या स्त्रिया इस्पितळाविषयीं, नवऱ्याविषयीं, झोपमोडीविषयीं, कामाच्या ढिगाविषयीं मोकळेपणीं बोलतात. पण ज्या देहामुळें हें सारें घडलें त्या देहाला आंतून कसें वाटतें, याचें वर्णन त्या मानानें थोडें येतें. ही उणीव ज्यांनीं भरून काढण्याचा यत्न केला त्यांत आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचा १९८४ सालचा निबंध अग्रगण्य आहे. गरोदर स्त्रीला 'मी' आणि 'मी नव्हे' यांमधील सीमा ठाम राहत नाहीं, असें त्या दाखवितात. पोटांतील हालचाल तिच्याच शरीरांत होते, पण ती हालचाल तिची नसते. खुर्च्यांमधल्या अरुंद जागेंतून पूर्वीसारखें निसटून जावें म्हणून ती वळते, आणि स्वतःचेंच शरीर तिला आडवें येतें. तत्त्वज्ञानानें 'एकसंध आत्मा' म्हणून जो गृहीत धरला त्याला येथें दोन टोंकें फुटतात. पुढें त्या एक मार्मिक मुद्दा मांडतात. गर्भाची हालचाल ही केवळ आईलाच आंतून कळणारी गोष्ट होती. यंत्रें आल्यावर तीच बाहेरून पाहतां येऊं लागली, आणि जें यंत्राला दिसतें तें खरें ठरून आईचें जाणणें दुय्यम झालें. डॉक्टरांनीं सासूबाईंना प्रश्न विचारावा आणि पडद्यानें डॉक्टरांना उत्तर द्यावें, अशी ही व्यवस्था आहे. मधलीला बोलण्याचें कारणच उरत नाहीं.

यंगबाईंचा निबंध वाचतांना मराठी वाचकाला एक शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. सुश्रुतानें गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलें असून तिच्या इच्छांना त्यावरून दौहृद असें नांव दिलें आहे. आपले 'डोहाळे' त्याच घराण्यांतले. एका देहांत दोन हृदयें, आणि म्हणून इच्छा नक्की कोणाची हा संभ्रम, ही कल्पना आपल्या वैद्यकांत फार प्राचीन काळींच होती. परंतु 'हें सारें आमच्याकडे आधींच होतें' असें म्हणून मान ताठ करण्यापूर्वीं थोडा विचार करावा. आपण डोहाळ्यांचा सोहळा केला, हिरवी साडी नेसविली, फुलांची वाडी भरली, गाणीं म्हटलीं. त्यांत ममता खचित होती. पण गाणीं म्हणणाऱ्या इतर बाया. त्यांतील इच्छांची यादी परंपरेनें ठरलेली. आणि मधोमध बसलेली ती, सुदक्षिणेप्रमाणें, बहुधा गप्प. दोन हृदयें मान्य केलीं, परंतु तोंड एकही दिलें नाहीं, असा हा प्रकार झाला.

यंगबाईंच्याही लेखनाला मर्यादा आहे, आणि ती त्या स्वतःच सांगतात : जी स्त्री आपल्या खुषीनें गरोदर राहिली तिचाच अनुभव त्यांनीं विचारांत घेतला आहे. शिवाय त्यांच्या निबंधांत देह आहे, पण त्या देहाला लागणारी भाकरी, पाणी, ओझें आणि आजार नाहींत. हीं ज्यांत आहेत असें काम आपल्या महाराष्ट्रांत झालें. डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तान्त १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं एक ना एक विकार निघाला, आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ निघाल्या. वैद्यकशास्त्र तोंवर गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतेंच खेड्यांतील स्त्रीकडे पाहत होतें. बाकीच्या आयुष्यांत तिला शरीर आहे हें जणूं त्याच्या गांवींच नव्हतें. डॉ. राणीबाईंनीं पुढें खेड्यांतल्या बायकांच्या आपल्या देहाविषयींच्या समजुती आणि बोल एकत्र करून जें मराठी पुस्तक लिहिलें त्याचें नांव 'कानोसा' आहे. या क्षेत्रांतील संशोधनाच्या पद्धतीला याहून सार्थ नांव आम्हांला सुचत नाहीं. कानोसा घेणारा आधीं स्वतः गप्प होतो.

तिसरी गोष्ट ओकलीबाईंच्या बाजूनें सांगितली पाहिजे. त्यांच्या १९८१च्या निबंधांत संशोधिका आणि तिला माहिती देणाऱ्या स्त्रिया यांच्यांतील मैत्रीवर फार भर होता. हा दावा अनेकांना भाबडा वाटला, आणि तो थोडा तसा होताही. कारण मुलाखत संपल्यावर एकीला पुस्तक मिळतें, आणि दुसरीला रात्रीचें जागरण. परंतु या बाईंनीं आपला निष्कर्ष पुन्हा तपासला. सुमारें चार दशकांनंतर त्यांनीं त्याच स्त्रियांचा शोध घेऊन पुन्हा भेटी घेतल्या, आणि २०१६ सालच्या निबंधांत कबूल केलें कीं, मैत्री हा शब्द अपुरा आहे; त्या स्त्रियांनीं आपल्या कथा दिल्या तें दान म्हणून समजावें. आपल्याकडे गर्भिणीची ओटी भरतात. येथें गर्भिणीनें दुसरीची ओटी भरली. आणि भरलेली ओटी घेऊन जाणारीवर कांहीं जबाबदारी येते, हें घेणारीनें उशिरां का होईना ओळखलें. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांतावर असें पुनर्लेखन करणारे विद्वान थोडे.

मध्यंतरीं त्यांनीं आणखी एक धाडस केलें. ऐकून घेणें हें औषध आहे असें नुसतें न म्हणतां त्यांनीं त्याचा औषधासारखाच प्रयोग केला. ५०९ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाच्या घरीं सुइणी जाऊन त्यांचें म्हणणें ऐकत, दुसऱ्याला नेहमींचीच व्यवस्था. मुलांच्या वजनांत पडलेला फरक नगण्य होता. परंतु ज्यांचें ऐकून घेतलें त्या आया आणि त्यांचीं मुलें पुढील कांहीं आठवडे अधिक निरोगी राहिलीं. १९९२ सालच्या पुस्तकांत हा सारा इतिहास आहे. निष्कर्ष डोळे दिपविणारा नाहीं, आणि तो तसा असल्याचा आव त्या आणीत नाहींत, म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

आतां कोणी म्हणेल, लंडनच्या त्या जुन्या गोष्टी आम्हांला कशाला? याचें उत्तर आंकडेच देतात. भारतांत २००५ सालीं जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या २०१९–२१च्या पाहणीप्रमाणें शेंकडा ८८.६ प्रसूति दवाखान्यांत झाल्या. लाख जन्मांमागें मातामृत्यूंची संख्या २००१–०३ मध्यें ३०१ होती, ती २०१८–२० मध्यें ९७ झाली. या आंकड्यांपुढें, जुन्या अंधाऱ्या खोलीची आणि धुरीची आठवण काढून गळा काढणें हा कृतघ्नपणा होईल. ज्या आया वांचल्या त्या वांचल्याच. परंतु इंग्लंडांत जें स्थित्यंतर ओकलीबाईंच्या डोळ्यांदेखत झालें, तेंच आपल्याकडे त्याहून मोठ्या प्रमाणावर झालें आहे. म्हणून जीव वांचल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यावरही आली आहे. बाई जिवंत घरीं परतली. पण तिचें कोणी ऐकलें काय?

या विषयावर मराठींत यापुढें जें लिहिलें जाईल, मग तो प्रबंध असो, कादंबरी असो कीं आत्मचरित्र असो, त्याला आम्ही एकच कसोटी लावूं. लेखकानें गर्भिणीला किती प्रश्न विचारले हें आम्ही पाहणार नाहीं. तिला उलट प्रश्न विचारावयास त्या लिखाणांत जागा ठेवली आहे कीं नाहीं, आणि तिनें विचारल्यावर त्यानें उत्तर दिलें कीं हंसून वेळ मारून नेली, एवढेंच पाहूं. ओकलीबाईंचें काम या कसोटीस उतरतें. त्यांत दोष आहेत ते वर सांगितलेच आहेत. पण ८७८ वेळां त्यांना विचारण्यांत आलें, आणि त्या वेळीं त्यांनीं वही बाजूला ठेवली.